तेल पाझरणारं बायबल

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली. ज्याच्या त्याच्या हातात कापसाचा बोळा. व्यासपीठावर पितळी कडी लावलेलं एक जाडजूड बायबल होतं आणि त्याच्या कडांतून तेल पाझरत होतं.

"मूर्तींना डोळे असतात, दिसत नाही. कान असतात, ऐकू येत नाही," बायबलमागे उभे असलेले प्रचारक, ज्यांना सगळे ब्रदर म्हणत, गरजले. "आपण मूर्तीपुढे वाकतो का?"

"नाही," गर्दी म्हणाली, आणि एकेक जण त्या पुस्तकापुढे गुडघे टेकू लागला.

रांगेतल्या बाईंचं डोकं फिरलं. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात पोरांना देवाच्या दहा आज्ञा शिकवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या इथे आल्या होत्या फक्त धाकट्या भावासाठी. त्याला मधुमेह. पायाच्या बोटाला जखम झाली, ब्रदर म्हणाले सुई म्हणजे अविश्वास, आणि या शहाण्याने इन्सुलिन कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून जखमेवर हे तेल चोळणं चालू होतं. आता बोट काळं पडलं होतं आणि डॉक्टरांनी बाईंना बजावलं होतं, आणखी उशीर केलात तर पाय कापावा लागेल.

"ताई, इथे चिडू नकोस," शेजारी उभा असलेला भाऊ कुजबुजला. "ही काय मूर्ती आहे? देवाचं वचन आहे."

"वचन आहे, तर वाचत का नाहीत?"

"उघडलं की त्यातली शक्ती उडून जाते म्हणे."

"म्हणजे अत्तराची बाटली झाली."

रांग पुढे सरकली तशी बाईंची नजर ब्रदरांच्या हातांवर खिळली. "ओत, प्रभू, ओत," म्हणत ते दोन्ही तळवे पुस्तकावर ठेवून अंगाचा सगळा भार टाकत, की तेलाची धार लागे. घाम पुसायला हात उचलला की प्रभूही थांबे. आपला भाऊ या असल्या माणसाच्या नादाने पाय गमावणार होता.

त्यांची पाळी आली. "ब्रदर, मूर्ती करू नका, तिच्यापुढे वाकू नका, ही दुसरी आज्ञा वाचून दाखवा. याच बायबलमधून."

"भगिनी, आज वाचनाचा दिवस नाही, स्पर्शाचा आहे."

"राहू द्या. मीच वाचते."

ब्रदरांनी पुस्तक ओढलं. पण पोरांच्या हातातल्या वस्तू हिसकावण्यात बाईंचा हात तयार झालेला. कडी निघाली, पुस्तक उघडलं. उत्पत्तीची, म्हणजे पहिल्या पुस्तकाची पानं शाबूत होती. दहा आज्ञा ज्यात येतात त्या निर्गमापासून पुढची पानं ब्लेडने कापून आत चौकोनी पोकळी केली होती, आणि तिच्यात पिवळा स्पंज तेलाने निथळत होता.

"दुसरी आज्ञा इथे होती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्पंज पिळला. ब्रदरांचे चकचकीत बूट तेलात न्हाले. "बघा, मलाही जमला चमत्कार."

"ही सैतानाची करणी आहे," ब्रदर ओरडले.

"आणि रोज तेल ओतायला कोण येत होतं? तोच?"

ब्रदरांनी मागच्या दाराने काढता पाय घेतला. तरी पहिल्या रांगेतली एक काकू हळूच म्हणाली, "बाई, तो स्पंज मला द्याल का?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. "काकू, मोशेने देवाच्याच सांगण्यावरून, साप चावलेले लोक वाचावेत म्हणून, पितळेचा साप केला होता. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा एका भल्या राजाने तो फोडला. साप काय, पुस्तक काय. डोकं बाजूला ठेवून जिच्यापुढे वाकाल ती मूर्तीच. श्रद्धा खुशाल ठेवा. पण जो म्हणतो उघडू नका, विचारू नका, औषध सोडा, त्याच्या हातातली वस्तू आधी उघडून बघा."

भाऊ खुर्चीत बसून स्वतःच्या पायाकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "दवाखाना उघडा असेल का गं?"

दोन बोटं गेली, पाय वाचला. बायबल तो अजूनही रोज वाचतो. आधी सुई घेतो, मग पुस्तक उघडतो.