माशीवाल्या बाईंची दुधाची बाटली

मी एक जुनी काचेची दुधाची बाटली आहे. पण मित्रांनो, माझ्यात दूध शोधू नका. गेली कित्येक वर्षं माझ्या पोटात माश्या नांदतात. नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. मला त्याची सवय आहे.

भट्टीच्या धगीतून नवी कोरी बाहेर पडले, तेव्हा माझा काय तोरा होता! दूधवाला रोज सकाळी मला दारोदार पोहोचवायचा. पोरं मलाच तोंड लावून दूध प्यायची आणि आईचा धपाटा खायची. मग पिशवीतलं दूध आलं आणि आमचा भाव उतरला. डेअरीच्या मागे आम्ही साऱ्या बहिणी धूळ खात पडलो. एके दिवशी एक बाई आल्या. त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तोंड अरुंद, बूड रुंद. झकास!" माझ्या बुडाची स्तुती आयुष्यात तेवढी एकदाच झाली.

त्या बाई सरकारी प्रयोगशाळेत काम करायच्या. माझ्या तळाशी शिजवलेल्या केळ्याचा लगदा घालायच्या, पिकल्या फळांवर घोंघावतात त्या बारीक माश्या आत सोडायच्या आणि कापसाच्या बोळ्याने माझं तोंड बंद करायच्या. गल्लीत त्यांचं नावच पडलं, माशीवाल्या बाई. "आपण घरी बसून फुकट माश्या मारतो, ह्या पगार घेऊन पाळतात," असं म्हणून लोक हसायचे. मला असा राग यायचा! पण तोंडात बोळा असल्यावर बोलणार काय, कप्पाळ?

सगळ्यात मोठा आवाज फळवाल्या मावशींचा. त्यांची गाडी आमच्या फाटकासमोरच. गंमत बघा, आमची केळीसुद्धा त्यांच्याकडूनच यायची, काळी पडलेली, दुसरं कुणी हात लावणार नाही अशी. ती पिशवीत टाकता टाकता त्या ऐकवायच्या, "आम्ही कर भरायचा आणि मेजवानी माश्यांना!" गाडीवर माशी दिसली की ती आमचीच पळालेली. एखादी असायचीही म्हणा.

पुढे गल्लीने मागणी केली की हे माश्यांचं खूळ बंद करा आणि त्या जागेत दवाखाना काढा. लोकांचं म्हणणं ऐकायला मोठे साहेब येणार होते, आणि सगळ्यांच्या वतीने बोलणार होत्या मावशी. बाईंचं सारं काम पणाला लागलं होतं. त्या धुतलेल्या बाटल्या पुन्हा पुन्हा धूत होत्या.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मावशी तरातरा आत आल्या.

"उद्या तुमच्या विरोधात बोलणार आहे मी. पण न बघता बोलणं माझ्या स्वभावात नाही. दाखवा, काय करता ते."

बाईंनी मला आणि माझ्या शेजारणीला उचललं आणि मऊ गादीवर टपकन आपटलं. घाबरू नका, आमचं हे रोजचंच आहे. आपटलं की माश्या तळाला पडतात. शेजारणीच्या माश्या उठल्या आणि भराभर काच चढून वर गेल्या. माझ्या माश्या मुद्दाम आजारी पैदा केलेल्या. त्या थरथरल्या, जराशा चढल्या, थबकल्या आणि घसरल्या.

मावशी वाकल्या. त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आमचे हे अगदी असाच जिना चढतात. कप धरला तर चहा अंगावर सांडतो."

"त्याच आजाराचा, कंपवाताचा शोध चाललाय, मावशी. मेंदूत काय आणि कसं बिघडत जातं, ते माशीत बघायला सोपं पडतं. माणसाला काही बाटलीत घालता येत नाही."

"मग औषध?" मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. "ह्यांना बरं वाटेल?"

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर उद्याचं संकट टळलंच होतं. म्हणा की हो, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

"काकांच्या वेळेला होईल असं मला वाटत नाही," बाई म्हणाल्या. "कधी होईल तेही माहीत नाही. कदाचित माझी वाटच चुकीची निघेल."

मावशींनी पदराने डोळे टिपले आणि निघून गेल्या. झालं, मी म्हटलं, आता पुन्हा धूळ.

दुसऱ्या दिवशी सभा आमच्याच व्हरांड्यात भरली. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, दवाखाना आम्हाला हवाच," मावशी कडाडल्या. "तो ह्याच आवारातल्या मागच्या रिकाम्या खोल्यांत काढा. ह्या बाईंना मात्र हलवू नका. आजवर ज्याच्याकडे गेलो, त्याने आमच्या ह्यांना बरं करतो म्हणून सांगितलं. माहीत नाही म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच. पण माझी एक अट आहे. पैसा आमचा, तर दार आम्हालाही उघडं पाहिजे. आम्ही येणार, बघणार आणि विचारणार!"

साहेबांनी दोन्ही मान्य केलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा आमचं दार सगळ्यांना उघडं असतं. लोक काय वाट्टेल ते विचारतात. कुणाचं समाधान होतं, कुणी कुरकुरतच घरी जातं. आता बाईंचे केस पांढरे झालेत, आणि माझ्या तोंडाचा एक टवका उडालाय. तरी आमचं बरं चाललंय.

एकदा मावशींचे 'हे' स्वतः आले. एकेक पायरी चढत, मध्ये मध्ये थांबत. त्यांनी मला हातात घेतलं आणि हसून म्हणाले, "बाई, मीच हलवतो की. माझा हात तर आपोआपच हलतो!" सगळे हसले. मावशी सगळ्यात आधी.

मग ते माझ्यात बघत राहिले. एक माशी चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती.

"चढ गं," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "माझ्या कामाचं नाही, ठाऊक आहे मला. पण पुढच्यांच्या?"

"प्रयत्न तोच आहे, काका."

"मग चालू द्या."

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून गादीवर ठेवलं, इतकं जपून की ती माशी पडली नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, 'ह्याचा उपयोग काय?' असं जरूर विचारा. पण फाटकाबाहेरून नको. आत या, वाकून बघा, आणि उत्तर मिळेपर्यंत जरा थांबा. आणि हो, मला हातात घेतलंत, तर काकांनी ठेवलं तसं खाली ठेवा.