शिसं कुठं बांधावं

सकाळपासून रंजीता तीनदा आपल्याशीच हसली होती. सिंदेवाहीकडचा हा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, तिच्या लहानपणापासूनचा. आज त्याच्याच पाण्यात ती पाठीवर हवेचं नळकांडं घेऊन उतरणार होती. वैनगंगेत डोंगा उलटला की शोधायला बाहेरून माणसं यायची वाट बघावी लागे. म्हणून जिल्ह्यानं आपलं पाणबुड्यांचं पथक करायला घेतलं होतं. पाच जण शिकले, जागा चार. आज परीक्षा. पाचांत मुलगी एकटी तीच, मासे धरणाऱ्या वारलू ढिवराची लेक.

परीक्षा सांगायला सोपी होती. अठरा फुटांवर एक पितळी घागर टाकलेली. तळाच्या हातभर वर तरंगत ती शोधायची. पाय टेकला की गाळ उठणार आणि मग आपलाच हात आपल्याला दिसणार नाही. वर आल्यावर शिकवणारे धम्मदीप सर ‘सोड’ म्हणतील, तेव्हा एका हातानं अंगावरचं शिसं सोडून द्यायचं. रबरी पोशाखातला माणूस वाळल्या भोपळ्यासारखा वरच राहतो, म्हणून खाली जायला शिसं. आणि जीव अडचणीत आला की तेच शिसं आधी टाकायचं. प्रत्येकाला दोन संधी.

आदेशनं कमरपट्ट्यात आठ किलो ओवले, म्हणून तिनंही आठ ओवले. आदेश शेजारच्या गावचा, अंगानं तिच्या दुप्पट.

पहिल्या संधीत ती खाली जाताच पट्टा सरकला. कमरेच्या हाडावरून मांडीवर आला, सगळं शिसं एका बाजूला गोळा झालं आणि ती कलंडून पायांवर उभीच्या उभी चिखलात रुतली. क्षणात काळोख. ती रिकाम्या हातानं वर आली.

“मासोई पकडाले गेली होती का चिखलात धानाचा रोवणा कराले?” आदेश म्हणाला.

“तुझं नाक रोवून राह्यली होती,” ती म्हणाली. बाकीचे हसले. उरली एकच खेप.

पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, सावलीत बसून तिनं उपाय काढला. बाबा मासोळ्यांची टोपली कमरेला बांधतात तसा तिनं पट्टा ओढणीनं आवळला, वर दुहेरी गाठ मारली. ढिवराची गाठ, दिवसभर पाण्यात राहिली तरी न सुटणारी. उड्या मारून पाहिल्या. पट्टा जागचा हलेना. ती आनंदानं सरांकडे धावली.

धम्मदीप सर ब्रह्मपुरीचे, समुद्रात वीस वर्षं काढून आलेले. त्यांनी गाठ पाहिली आणि हातातल्या घड्याळावर बोट ठेवलं.

“सोड. एका हातानं.”

तिनं ओढलं. नखं लावली. दुसरा हात आपोआप पुढं आला.

“मेली तू,” सर शांतपणे म्हणाले. “गाठ चांगली आहे, पोरी. पाण्याखाली इतकी चांगली नाई पायजे.”

रंजीतानं दोन्ही हातांनी गाठ सोडली. पथकाच्या सामानाच्या पेटीत दुसरं काय होतं? खिशात शिसं ठेवायचं जाकीट होतं, पण ते पुरुषी मापाचं, तिच्या गुडघ्यांशी गप्पा मारणारं.

वारलू काठावर फेकजाळं वाळवत होता. परीक्षेत तोंड घालायचं नाही असं तो घरूनच ठरवून आला होता. आता मात्र राहवलं नाही.

“सारं वजन एका जागी काऊन बांधतं, माय? जाळ्याले आपण असं बांधतो का? घेरभर वाटतो म्हणून ते पाण्यात सपाट बसते.”

रंजीता जाळ्याच्या काठाकडे पाहत राहिली. वीतभरावर एक, वीतभरावर एक, शिशाच्या गोळ्या. मग ती धावत पेटीशी गेली आणि तळाशी पडलेला एक साज उपसून काढला: खांद्यांवरून दोन पट्टे, दोन्ही कुशींशी एकेक खिसा, खिशातल्या थैल्यांना बाहेर लाल मुठी. लहान लेकराच्या चड्डीसारखा दिसतो म्हणून पोरांनी त्याला हात लावला नव्हता.

“चालते का सर हे?”

“चालते. पण आठ किलो कोणी सांगितले तुले?”

तिनं आदेशकडे पाहिलं. सरांना काय ते कळलं. त्यांनी तिला कंबरभर पाण्यातून खोलात नेलं, श्वास धरून स्थिर राहायला लावलं आणि शिसं कमी करत गेले, पाणी डोळ्यांच्या रेघेवर येईपर्यंत. सहा पुरले. चार किलो कुशींच्या खिशांत, दोन नळकांड्याच्या पट्ट्यावर, वरच्या अंगाला. खांद्यांनी भार उचलला आणि कमरेचं हाड मोकळं झालं. कोणी पोटाखाली हात धरून पोहायला शिकवावं तसं वाटलं तिला.

ती खाली गेली. हिरवं, मग गढूळ, मग नुसतं गार. शरीर आडवं, पानासारखं सपाट. श्वास धीमा ठेवायला तिनं रोवणीच्या गाण्याच्या चालीवर आपलीच ओळ मनात धरली. एका ओळीला श्वास आत, दुसरीला बाहेर:

तळ्याच्या गं तळी गार सावली निजली
हळू जाय माय, तिची पापणी भिजली

चिखल हातभर खाली होता आणि हलत नव्हता. बोटं पुढं, डावीकडं, पुन्हा पुढं. एक शिंपला. एक कुजकी फांदी. मग गोल, थंड, कडा असलेलं काहीतरी. नळी तोंडात धरूनच ती हसली आणि बुडबुड्यांचा गुच्छ वर धावला.

काठावर वारलूनं बुडबुडे पाहिले आणि जाळं हातातून खाली ठेवलं.

डोकं बाहेर आलं, मागून घागर आली. “सोड,” सर म्हणाले. एका हाताला घागर होतीच. दुसऱ्यानं तिनं उजवी मूठ ओढली, मग डावी. थैल्या सुटल्या तशी ती छातीपर्यंत उसळून वर आली.

“दोन सेकंद,” सर घड्याळ पाहत म्हणाले. “आदेशले चार लागले.”

“माझा पट्टा जुना होता,” आदेश म्हणाला.

“तुझंही नाव आहे रे यादीत, रडू नको. रंजीता, तुझ्या खांद्याचं माप दे. हा साज तुझ्या मापाचा मागवून घेतो, पथकात तुलेच घालायचा आहे तो.”

रंजीतानं घागर छातीशी धरली. ती नुसती पाण्यावर डुलत राहिली.

“आणि ते शिसं सरकारी आहे,” सर म्हणाले. “जा, काढून आण.”

तिनं घागर बाबांच्या हातात दिली, शिशाच्या दुसऱ्या थैल्या खिशांत भरल्या, लाल मुठी एकदा चाचपल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत पुन्हा खाली गेली.