अक्रोडाची साल

दोन्का स्तोएवा प्लोवदिव शहरातल्या एका नाट्यगृहासाठी गेली बावीस वर्षं नेपथ्यातली झाडं करत होती. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सरसात भिजवलेलं गोणपाट आणि वरून भुसा नि रंग. लोक तिच्या झाडांची तारीफ करायचे. पण त्या वसंतात आलेला नवा दिग्दर्शक ल्युबेन हटून बसला. नाटकातलं म्हातारं अक्रोडाचं झाड पहिल्या रांगेपासून दोन हातांवर उभं राहणार होतं.

"दोन्काबाई, हे गोणपाट आहे," सालीवर नख मारत तो म्हणाला. "मला झाड हवंय."

असं तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. ते तिच्या मनाला फार लागलं.

तिची आई गेल्यापासून आईची मैत्रीण वेलिकामावशी हेच तिचं माहेर होतं. घटस्फोटानंतरचं सगळं रडणं दोन्का मावशीच्याच स्वयंपाकघरात रडली होती. मावशीच्या गावच्या घराच्या अंगणात मावशीच्या सासऱ्यांनी लावलेला अक्रोड होता. मे महिन्यात मावशी लेकाकडे वार्नाला निघाली आणि जाताना किल्ली दोन्काच्या हातात ठेवून गेली. "टोमॅटोच्या रोपांना तेवढं पाणी घाल गं."

दोन्का पटाशी घेऊनच गेली. नाटकातल्या झाडासाठी मागच्या बाजूची वीतभर साल काढायची, बस, असं तिनं ठरवलं होतं. पण झाडात रस चढलेला. पटाशीनं जरा उचकलं की साल पायातला मोजा निघावा तशी अखंड सुटून येई, आतून ओली आणि गुळगुळीत. अजून थोडी, अजून थोडी करत संध्याकाळ झाली, तेव्हा खोड गुडघ्यापासून छातीपर्यंत चहूबाजूंनी उघडं पडलं होतं. दोन्का पायरीवर बसली. झाड सालीतून जगतं हे तिला काय ठाऊक नव्हतं?

पुढचे तीन दिवस तिनं त्या जिवंत झाडावर आपली नेहमीची कारागिरी केली. गोणपाट, सरस, भुसा, रंग, वर पाऊस टिकावा म्हणून लाखेचा हात. मावशी परतली, त्याच खोडाला पाठ टेकून तिनं कॉफी प्यायली आणि तिला काही कळलं नाही.

नाटक गाजलं. पहिल्या प्रयोगाला मावशी नवा कोट घालून आली होती. "पोरी, अगदी आमचंच झाड केलंस की!" म्हणत तिनं दोन्काचे गाल धरले. दोन्का हसली.

दुसऱ्या वर्षी अक्रोडाला पानं आली ती नखाएवढी, पिवळी. जूनमध्ये ती झडून गेली.

"ग्रोझदाननं मारलं," मावशी म्हणाली. ग्रोझदान म्हणजे कुंपणापलीकडचा विधुर शेजारी. अक्रोडाच्या सावलीत माझ्या मिरच्या धरत नाहीत, म्हणून तो वर्षानुवर्षं कुरकुरायचा. "मुळांत मीठ ओतलं मेल्यानं!" तिनं हे गावच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं. गावानं ते उचलून धरलं. एरवी मावशीला डॉक्टरकडे आपल्या गाडीतून नेणारा ग्रोझदान आता दुकान रिकामं झाल्यावरच पाव घ्यायला येऊ लागला.

ऑगस्टमध्ये तो दोन्काला बसथांब्यावर भेटला. त्यानं दाढी केलेली नव्हती.

"तू तरी सांग तिला," तो म्हणाला. "मी बोलतो फार, पण झाड मारीन का मी? तुझं ऐकते ती."

"सांगते," दोन्का म्हणाली. आणि तरी त्यानंतर चार आठवडे तिनं तोंड उघडलं नाही.

सप्टेंबरात दोघी अंगणात बसून भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होत्या. मावशीनं पुन्हा ग्रोझदानचं नाव काढलं, आणि दोन्काच्या तोंडून एकदम निघून गेलं, "मावशी, ते मी केलं."

सगळं ऐकून मावशी उठली. हातातल्या सुरीनं तिनं खोड खरवडलं. रंगाखालून गोणपाटाचे दोरे बाहेर आले. ते तिनं बोटाला गुंडाळले.

"चल," ती म्हणाली. "माझ्यापुढे रडू नकोस. त्याच्यापुढे बोल."

ग्रोझदाननं फाटकाशीच ऐकून घेतलं. दोन्काकडे त्यानं पाहिलंही नाही.

"वेलिका, पस्तीस वर्षं शेजारी आहोत आपण," तो एवढंच म्हणाला आणि आत गेला.

मावशीनं किल्ली परत मागितली. शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. त्यानंतर दोन्काचा फोन आला की ती "कामात आहे गं" म्हणे.

नोव्हेंबरात दुकानदारीण इव्हान्का शहरात आली तेव्हा तिनं बातमी दिली. अक्रोड तोडला; झाड ओढायच्या दोराचं एक टोक वेलिकाच्या हातात होतं, दुसरं ग्रोझदाननं धरलं होतं. आणि त्याआधी वेलिकानं भर दुकानात सांगितलं होतं, की ग्रोझदानचा काही दोष नाही, मीच खोटं बोलले. "मग झाड कशानं मेलं, विचारलं आम्ही. म्हणाली, मला नाही सांगायचं. आता लोक तिलाच वेडी म्हणतात."

म्हणजे मावशीनं तिला पाठीशी घातलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर दोन्काला श्वास घेता आला असता.

रविवारी चर्च सुटल्यावर ती गावी गेली. दुकान भरलेलं होतं. इव्हान्का चीज तोलत होती.

"वेलिकामावशीचं झाड मी मारलं," दोन्का दारातूनच म्हणाली. पण दुकानातल्या गलक्यात ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही. पुढच्या म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला.

"काय म्हणतेस, पोरी? मोठ्यानं बोल."

तिनं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून.