देव न झालेला धुण्याचा दगड

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. देव नाही. मित्रांनो, हे आधीच ठणकावून सांगतो, कारण मध्यंतरी लोकांनी मला देव करून ठेवलं होतं, आणि त्यापायी आमच्या ओढ्याचा गळा आवळला जाणार होता.

माझा मुक्काम उचगावच्या कडेला, ओढ्याच्या पात्रात. चिमणाबाई लग्न होऊन इथल्या गल्लीत आल्या, तेव्हा त्यांचे यजमान हंबीरराव यांनी मला खाणीतून बैलगाडीनं आणलं, पाथरवटाकडून घडवून घेतलं आणि पाण्याच्या धारेत बसवलं. मग काय विचारता! गल्लीतल्या बायका उजाडायच्या आत जागा धरायच्या. दसऱ्याच्या आधी तर घरोघरच्या वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या जाडजूड गोधड्या, माझ्या पाठीवर आपटून निघायच्या. सासवांची गाऱ्हाणी इथंच व्हायची, पोरींची लग्नंही इथंच जमायची. मी दिवसभर मार खायचो आणि खुशीत असायचो.

पुढं घरात नळ आले, धुण्याची यंत्रं आली. बायकांच्या हाताला आराम मिळाला, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ओढ्यावर कुणी येईना, त्यामुळं ओढ्याकडं कुणी बघेनासं झालं. घरातलं जे नको ते ओढ्यात पडू लागलं. फाटक्या चपला, फुटक्या बादल्या, पिशव्याच पिशव्या. बघता बघता मी गाळात गडप झालो. वर नुसती दुर्गंधी. पाहुणे आले तर गल्लीतली माणसं आधी खिडक्या लावून घ्यायची. आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी थेट चिमणाबाईंच्या घरात शिरायचं, कारण त्यांचं घर सगळ्यात खाली. हंबीरराव गेले होते. एकट्या बाईनं धान्याची पोती माळ्यावर चढवायची, पाणी उतरलं की चिखल उपसायचा. मला लई वाईट वाटायचं.

अशात पद्मजा मॅडम पुढं सरसावल्या. ओढ्यापलीकडच्या फ्लॅटमध्ये राहतात, राजारामपुरीत क्लासमध्ये विज्ञान शिकवतात. त्यांच्या जोडीला तरुण मंडळाचा अध्यक्ष आकाराम, दुधाचा धंदा करणारा गडी. दर रविवारी ओढा उपसायचा, असं दोघांनी ठरवलं. पहिल्या रविवारी चारच टाळकी. येणारे जाणारे पुलावरून हसायचे. आकाराम खालून ओरडायचा, "हसा की पावणं! फकस्त त्वांड लई उघडू नगासा, डास जातील!"

हळूहळू हसणारेच खाली उतरले. चहा घेऊन आलेल्या बायकांनी पदर खोचला आणि गाळाच्या पाट्या उचलल्या. एका रविवारी आकारामची पहार माझ्यावर ठण्णकन वाजली. दोर लावून त्यांनी मला गाळातून वर काढलं, धुतलं, आणि माझ्या बाजूनं कितीतरी वर्षांनी पाणी झुळझुळ वाहिलं. अहाहा! काय सांगू तुम्हाला!

इथंच घोळ झाला. आमच्याकडं नवी मोटरसायकल घेतली तरी नारळ फोडल्याशिवाय किक मारत नाहीत. पद्मजा मॅडमनी आनंदाच्या भरात माझ्यावर नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. माझ्यावर धुणं धुतलेल्या बायकांपैकी गल्लीत आता चिमणाबाईच उरलेल्या, आणि त्या नेमक्या लेकीकडं पेठ वडगावला गेलेल्या. दुसऱ्या दिवशी पुलावरून जाणाऱ्यानं कुंकू बघून हात जोडले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेंदूर फासला. आठवड्यात माझं नाव ओढेश्वर पडलं. मी नवसाला पावतो म्हणे! मित्रांनो, मला स्वतःला कुशीवर वळता येत नाही, मी कुणाला काय पावणार?

हार आले, नारळ आले, आणि वाळलेले हार पिशवीत बांधून पुन्हा ओढ्यातच पडू लागले. त्यात आकारामनं ठरवलं की माझ्याभोवती पात्रातच चौथरा बांधायचा, वर देऊळ. त्याचा हेतू वाईट नव्हता. "देऊळ झालं की घाण टाकायची कुणाची छाती हुणार न्हाय," असं तो म्हणायचा. पद्मजा मॅडमना दिसत होतं की चौथऱ्यानं निम्मं पात्र अडणार, पाणी पुन्हा गल्लीत शिरणार. पण नारळ त्यांनीच फोडलेला. बोलायचं कोणत्या तोंडानं? वाळू आली, खडी आली. पावसाळा तोंडावर होता.

काम सुरू व्हायचं त्या सकाळी चिमणाबाई परतल्या. काठावर उभं राहून त्यांनी मला न्याहाळलं, घरात गेल्या आणि डोक्यावर वाकळ घेऊन आल्या. तडक पाण्यात उतरल्या.

"काकू, दसऱ्याला लई अवकाश हाय की!" कुणीतरी चेष्टा केली. चिमणाबाईंनी माझ्यावरचे हार अलगद काढून काठावर ठेवले आणि भिजलेली वाकळ धाडकन माझ्यावर आपटली.

"काकू! देव हाय त्यो!" आकाराम धावत आला.

"देव असंल तर मळक्या वाकळंवर रागवायचा न्हाय. आनि दगड असंल तर रागवायचा प्रश्नच न्हाय. ह्यो आमच्या मालकांनी आणल्याला दगड हाय, आकाराम. तुझी आई बाळंतपणात हातरुणाला खिळल्याली, तवा तुझी दुपटी म्या ह्याच्यावरच धुतल्यात. रोज ढीगभर!"

काठावर हशा पिकला. अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले. "काकू, समद्यांम्होरं कशाला…"

"मग समद्यांम्होरंच इचारते. चौथरा बांधलास तर पाणी कुठनं जाणार? माझ्या चुलीवरनं? पुन्यांदा पोती चढवायची ताकद न्हाय रं माझ्यात."

पद्मजा मॅडम पुढं झाल्या. "काकू, नारळ मी फोडला होता. चूक माझी," असं म्हणून त्यांनी वाकळेचं दुसरं टोक धरलं. आकाराम खडीच्या ढिगाकडं बघत राहिला. मग त्यानं टोपी सारखी केली आणि गवंड्याला म्हणाला, "काठाला पायऱ्या बांध. पात्रात एक वीट ठिवायची न्हाय." आणि स्वतः पाण्यात उतरून वाकळ पिळू लागला.

जुलैत ओढा फुगला. मी पाण्याखाली होतो, वरून ओंडके जात होते, पण पाणी कुठंही अडलं नाही. वाहून गेलं. पाणी उतरल्यावर चिमणाबाई पायऱ्यांवर आल्या आणि पलीकडच्या काठावरच्या पद्मजा मॅडमना ओरडून म्हणाल्या, "औंदा पोती खालीच हुती गं!" मित्रांनो, एवढा मोठा प्रसाद मला कुठल्याच नारळानं दिला नव्हता.

म्हणून एकच मागणं आहे. तुमच्या गावातही असा एखादा ओढा असेल. त्याला लांबून हात जोडू नका. हात जोडलेले असले की पाटी उचलता येत नाही. खाली उतरा.