कॅझची सत्ती

"वाट की रे लिओ! पान वाटतोयस की पोटची पोर देतोयस?" कॅझ ओरडला.

बॉल्टिमोरच्या पूर्व भागात, डेल्फीनच्या स्वयंपाकघरात बुधवारचा डाव रंगात आला होता. सात पानांचा पोकर. दोन पानं झाकलेली, चार एकेक करून उघडी, सातवं पुन्हा झाकलेलं. यात नशीब असतं चिमूटभर. बाकी सगळा खेळ डोक्याचा. कुणी डाव सोडला की त्याची उघडी पानं पालथी पडतात, ती लक्षात ठेवायची. जन्मभर ट्राम चालवलेल्या कॅझला एकेकाळी ती झोपेतही आठवत.

आता आठवत नव्हती, आणि याच गोष्टीची त्याला धास्ती होती. याच टेबलावर बसणाऱ्या फेलिक्सचं गेल्या वर्षी असंच सुरू झालं होतं. सगळ्यांनी त्याला आधी हळूच जिंकू दिलं, मग गोड बोलून चर्चच्या बिंगोत नेऊन बसवलं. तिथे आकडे दुसरेच ओरडतात, म्हाताऱ्यानं नुसत्या सोंगट्या ठेवायच्या. कॅझला बिंगोपेक्षा मसणवटा बरा वाटत होता.

त्याच्यासमोर पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी अशी चार पानं उघडी होती. मधली एक सत्ती आली की ओळ पूर्ण! त्यानं पैशाच्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या.

"घ्या! आहे का कुणाची छाती?"

डेल्फीन उगाचच सॉसेज परतायला उठली. समोर फक्त ब्रूनो उरला होता. ब्रूनो म्हणजे महाचिक्कू, वाढदिवसाला लोणच्याची अर्धी बरणी भेट देणारा माणूस. त्याच्यापुढच्या चार उघड्या पानांत दोन गुलाम होते. त्यानं कॅझकडे पाहिलं, खाकरला आणि तेवढ्याच चकत्या पुढे केल्या.

लिओनं शेवटचं पान दिलं. कॅझनं कोपरा उचलून पाहिलं. दुर्री. हातात काही म्हणजे काही नाही.

तो पानं दाखवणार, इतक्यात ब्रूनोनं आपले दोन्ही गुलाम पालथे केले.

"घे बाबा, तूच घे. तुझी ओळ लागली असणार."

"कसली लागतेय!" लिओ फसकन हसला. "दोन सत्त्या डेल्फीननं टाकल्या, एक मी टाकली, चौथी तर ब्रूनोच्याच..."

डेल्फीननं शेगडीपासून येऊन त्याच्या नडगीवर लाथ हाणली. लिओ कळवळला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

कॅझच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चारही सत्त्या त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेल्या होत्या. आणि ब्रूनोनं, या कवडीचुंबकानं, त्याला दान दिलं होतं! म्हणजे आपलीही पाळी आली तर. त्याला रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून अधिकच संताप आला.

"सरळ कर ते गुलाम."

"जाऊ दे ना कॅझ..."

"सरळ कर म्हणतो! मी हरलोय. पस्तीस वर्षं इथं हरत आलोय, आजच काय धाड भरली? फेलिक्स करू नका रे माझा."

सॉसेज करपायला लागलं. मग ब्रूनोनं दोन्ही गुलाम आपटून सरळ केले आणि दोन्ही हातांनी चकत्या ओढल्या. एक लिओच्या बाजूला घरंगळली, तीही त्यानं झडप घालून घेतली.

"अरे गाढवा!" तो तोंड सोडून ओरडला. "सत्ती माझ्यासमोर टेबलावर पडली होती, टेबलावर! तुझ्या नाकापासून वीतभर! डोळे ट्राममध्ये विसरलास काय?"

"तुझ्या थोबाडाकडं बघवत नाही, पानाकडं कुठून बघणार?" कॅझ म्हणाला.

डेल्फीन खुदकन हसली. ब्रूनो अजून शिव्या देतच होता. एकेक शिवी कॅझच्या अंगाला थंडीतलं ऊन लागावं तशी लागत होती. त्यानं खुर्ची पुढे ओढली, दोघांकडून चार चकत्या उसन्या मागितल्या आणि लिओपुढे हात पसरला.

"हं, वाट."