रानडुकरांसाठी घेतलेली बंदूक

शहरात दगडफेक झाल्याची बातमी मोबाइलवर येते आणि चांगल्या शहाण्यासुरत्या माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. शेषेरावांचं तसंच झालं. जळकोटजवळच्या त्यांच्या गावात सगळं शांत होतं, पण नात पुनम लातूरला होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावून ती दिलशादबी चालवत असलेल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. जळत्या टायरांचा एक व्हिडिओ आला. तो कुठला, कधीचा, कोण विचारतो! शेषेरावांनी लगेच दिलशादबींना फोन लावला.

"भाऊ, पोरी वरच्या मजल्यावर हायेत. गेट आतून बंद केलंय. पोलीसबी फिरून गेले. तुम्ही येऊ नका," त्या म्हणाल्या.

आता इतकं साफ सांगितल्यावर माणसानं घरी बसावं की नाही? पण शेषेरावांनी बंदूक काढली. परवाना होता, पण तो रानडुकरांपासून पीक राखायचा! सून शिवगंगा आडवी आली.

"मामा, ती रानातली चीज हाय. शहरात कशाला नेता?"

"भूकंपात बहिणीच्या गावी चार दिवस पहारा दिलाय म्या. एका चोराला असा हाणला, की पुन्हा कोणी फिरकलं न्हाई. तू मला शिकवू नको!"

हा पहाऱ्याचा किस्सा त्यांनी गावात शंभरदा सांगितला होता. बंदूक वाकळीत गुंडाळून ते मोटारसायकलवर निघाले.

दुपारी पोचले तेव्हा वसतिगृहाची गल्ली सामसूम होती. सगळी शटरं खाली. उन्हामुळं तोंडाला बांधलेला रुमाल त्यांनी सोडला नव्हता. गेट बंद आहे, पोरी आत आहेत, हे बघून परत फिरावं, ते सोडून हा गडी बंदूक घेऊन गेटासमोर उभा! वर हाक मारून "मी आलोय" एवढंही सांगितलं नाही.

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर आरडाओरडा झाला आणि चार-पाच पोरं गल्लीत धावत आली. त्यांच्या पाठीवर दप्तरं होती. शेषेरावांना दप्तरं दिसली नाहीत, धावणं तेवढं दिसलं.

"थांबा! न्हाईतर उडवीन!" त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

आणि गच्चीवरून एक वीट आली, थेट त्यांच्या खांद्यावर. शेषेराव कोसळले, बार उडाला, आणि त्या पोरांतला, शेजारच्या वसतिगृहातला उदगीरचा अनस पोटरी धरून रस्त्यात बसला. चार छर्रे आत गेले होते.

वीट टाकली होती पुनमनं!

सरकारी दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. पोलीस जबाब घ्यायला आले.

"म्या माझा अन् नातीचा बचाव केला, साहेब," शेषेराव म्हणाले. "कायद्यानं हक्क हाय मला."

पुनमला रडू आवरेना. "आबा, मीबी बचावच केला. तोंड बांधलेला माणूस पोरांवर बंदूक रोखून उभा! मला काय ठाऊक, ते तुम्ही हाय म्हणून? जराशी इकडं पडली असती तर तुमचं डोकं..."

अनससाठी डबा घेऊन आलेल्या दिलशादबी उठल्या.

"भाऊ, तुम्ही बचाव केला, पोरीनं बचाव केला. मग या लेकराला कोणी मारलं? माझं गेट बंद होतं. आत कोणाला खरचटलंबी नव्हतं. गल्लीत धोका आला तो तुमच्याच मोटारसायकलवर बसून! कोणी अंगावर आलं, पळायला वाट न्हाई, तवा माणूस बचाव करतो. तुम्ही तर धोका हुडकत इतक्या लांब आलात. उद्या अनसच्या घरचेबी बचावाला बंदूक घेऊन आले, तर त्यांना कोणत्या तोंडानं अडवाल?"

पलीकडं अनस डॉक्टरांना विचारत होता, "सर, रविवारी पेपर हाय. मला चालता येईल ना?"

ते ऐकलं आणि म्हाताऱ्याचा धीर सुटला.

"साहेब, पहिलं लिहिलेलं खोडा. माझ्यावर कोणी धावून आलं नव्हतं. ती पोरंच भिऊन पळत होती." त्यांनी डोळे पुसले. "अन् भूकंपातला तो चोर... तो चोर नव्हता. सवताच्या घराच्या ढिगाऱ्यात बायकोला हुडकत होता. आम्ही त्याला काठ्यांनी हाणलं, अन् त्यालाबी बचावच म्हणलो. तीस वर्षं हे कोणाला सांगितलं न्हाई म्या!"

शेषेरावांवर गुन्हा दाखल झाला आणि बंदूक जमा झाली. रविवारी अनस काठी टेकत पेपराला गेला. पुनम मात्र त्या गच्चीवर अजून पाय ठेवत नाही.

मंडळी, जीव वाचवायचा हक्क सगळ्यांना आहे आणि तो असायलाच हवा. पण हत्यार घेऊन जो धोका शोधायला निघतो, तो स्वतःच दुसऱ्याचा धोका होतो. गडबडीच्या दिवशी दार लावा, पोलिसांना कळवा, आपल्या माणसांना हाक मारा. आणि हाक मारण्याआधी तोंडावरचा रुमाल तेवढा काढा.