बिनखिळ्यांचा बाक

प्रदर्शनात आमच्या बाकावर नुसतं 'वेदिका' असं लिहिलेलं दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला विचारलं तर म्हणे, "एकच नाव बरं दिसतं गं!"

बरं दिसतं? अख्खा उन्हाळा आम्ही दोघी शेजारणी नाशिकच्या उन्हात गच्चीवर करपलो. द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून पेट्या रचायची मोडकी पाइनची पॅलेट आणली, फळ्या सुट्या केल्या, रंधा मारला. एकही खिळा नाही, सगळा बाक लाकडी खुंट्यांवर. खुंट्या काढल्या की फळ्या बांधून कुठंही न्याव्यात. फळ्या कमीजास्त जाडीच्या, म्हणून प्रत्येक खुंटी तिच्या-तिच्या भोकापुरती तासलेली. एकीची दुसरीला चालत नाही. आणि ही बया एकटीचं नाव लावून मोकळी!

मी भांडले नाही. ती चहाला गेली तशी मी सगळ्या खुंट्या ओढून काढल्या, ओढणीत घेऊन चांगल्या खळाखळा हलवल्या आणि फळ्यांवर ओतून ठेवल्या.

ती परत आली तीच योगेशरावांना घेऊन. त्यांना नव्या कॅफेसाठी असे बाक हवे होते.

"अगं, हा कोणी सोडला?"

"मी. घरी कसा न्यायचा ते लोकांना दाखवत होते."

"मग जोडूनही दाखवा की," योगेशराव म्हणाले. "ज्यानं केलाय त्यालाच काम देणार आपण."

वेदिकानं एक खुंटी घातली, ती ढिली. दुसरी अर्ध्यातच अडली. माणसं जमली, तिला घाम फुटला.

"तेजू, ये ना जरा."

"मी कशाला? तुझा बाक ना!" काय गार वाटलं म्हणून सांगू!

तिचे डोळे भरले तेव्हा मी पुढे झाले. अंगठ्यानं चाचपून एकेक खुंटी हुडकली, पाय बसवले, बैठक बसवली. राहिली पाठ. तिचा उतार वेदिकानंच काढलेला, खुंट्याही तिनंच तासलेल्या. मला एक बसेल तर शपथ.

वेदिका जवळ आली. "दे, ती मी बसवते," हळूच म्हणाली. "चुकलंच माझं. दोघींचा आहे म्हणून सांगते त्यांना."

मी पाठीची फळी उचलली आणि टेबलाखाली सरकवून दिली.

"योगेशराव, याला पाठ नसते," मी म्हणाले. "बसून बघा."

ते बसले. "एक नंबर!" म्हणाले, आणि मोबाइल काढून नाव विचारलं. मी सांगितलं. फक्त माझं.